उकंडराव हाकेला ओ देत नाहीत

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की उकंडराव त्याच्याकडे पाठ करून बसतात. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात त्यांचं चपलांचं दुकान आहे आणि तिथंच ते भिंतीकडे तोंड करून झेनचं ध्यान करतात. कोणी "आठ नंबर दाखवा" म्हटलं की भिंतीकडून आवाज येतो, "आठ नंबर त पाय आहे. पायवाला कोण?" पायवाला शिव्या देत समोरच्या दुकानात जातो.

हे खूळ नागपूरच्या शिबिरातलं. तिथले गुरुजी म्हणाले, लहानपणी लोकांनी तुमच्या अंगावर जो माणूस चढवला, तो उतरवून बघा. बाकीचे ऐकून घरी गेले आणि जेवले. आमचे उकंडराव उतरवायलाच बसले.

त्यांच्याकडे उतरवण्यासारखं होतं, हे मी मानतो. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे शेणकचऱ्याच्या ढिगावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, आईनं पसाभर कोंडा देऊन परत घेतलं, नाव ठेवलं उकंडा. आमच्याकडे अशी पोरं पुष्कळ. पण इतर आया पुढं विसरल्या, ही विसरली नाही. पोरगा वर्गात पहिला आला तरी चारचौघींत म्हणायची, "कचरा आहे माहं पोरगं." मी आमच्या घरातला पहिला बी.ए. माझी आई गावभर पेढे वाटत फिरली होती. त्यामुळे फरक मला कळतो.

शिबिराहून येताच त्यांनी दुकानाची पाटी बदलली, 'निर्मलकुमार'. जुन्या नावाला ओ देणं बंद. गावानं मजा घेतली आणि सोडून दिलं. म्हातारी आई मात्र मागच्या खोलीतून ओरडायचीच, "उकंड्या, पाणी दे रे!" उकंडराव पाणी नेऊन देत, पण ओ देत नसत.

"काका, म्हातारीशी कसला हट्ट?" मी एकदा म्हटलं.

"एक डाव निर्मल म्हणू दे तिले, भाऊ. मंग मी मोकळा."

गेल्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखलं. मी त्यांना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. म्हातारीही गाडीत चढून बसली. वॉर्डात नर्सनं विचारलं, "निर्मलकुमार कोण?" तशी म्हातारी तिच्या अंगावर धावली.

"हळू बोल वं बाई! चांगलं नाव काऊन घेऊन राह्यली? यमानं ऐकलं त नेईन ना माह्या पोराले! कचरा आहे हा, कचरा! कोणाच्या कामाचा नाई!"

 उकंडराव आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, उकंडाच म्हणा."

खाटेला डोकं टेकून म्हातारी झोपली, तेव्हा मी शिकवल्यासारखं बोललो, "बघा काका, किती जीव आहे तिचा."

"दिसते ना, भाऊ." ते छताकडे बघत होते. "पण मले काय मालूम, ते यमाले सांगून राह्यली म्हणून? मले वाटे, मलेच म्हणते. साठ वर्षं तसाच जगलो मी."

माझं बी.ए. तिथं काही कामाचं नव्हतं.

नर्स सलाईन घेऊन आली. म्हातारीनं झोपेतही त्यांचं मनगट गच्च धरलेलं. उकंडरावांनी नर्सला खुणेनंच सांगितलं, दुसऱ्या हाताला लावा.