गाईनं चारा सोडला, त्याची गोष्ट

औषधांच्या गोदामात मी बावीस वर्षं काढली आहेत. पोटदुखीच्या खोक्यात डोकेदुखीची गोळी कधी जाऊ दिली नाही! तेव्हा पाच जनावरांचा गोठा सांभाळणं म्हणजे माझ्या हातचा मळ. निदान माझी तरी तशी समजूत होती.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन तीन आठवडे झाले होते. अंगणात हात धुता धुता खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून वहिनी मागच्या खोलीत खिडकीशी बसून होत्या. ताट जसं जायचं, तसंच परत यायचं. मला धीर द्यायला जमत नाही. ‘वहिनी, सावरा’ एवढं म्हणायचं, तर माझाच आवाज दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरायचा. म्हणून मी रजा टाकली आणि गोठ्यात शिरलो. तिथं बोलावं तरी लागत नाही!

पण काय तो पसारा! एक म्हातारी गाय. तिच्या पाठीवर बदक, एखाद्या साहेबासारखं. पोटाखाली शेळी. कोपऱ्यात गाढव, आणि त्याच्या मानेवर मान टाकून घोरणारा एडका. गव्हाण एक आणि तोंडं पाच! शेळी गाईच्या तोंडातलं ओढतेय, बदक शेळीला टोचतंय, आणि गाढव कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच एडक्याचा वाटा लांबवतंय!

“हे चालायचं नाही!” मी गाढवाला बजावलं. त्यानं जांभई दिली.

दुपारपर्यंत मी फळ्या ठोकून पाच कप्पे केले. प्रत्येकावर खडूनं नाव लिहिलं. बदकाला स्वतंत्र खोकं दिलं. मागे सरून पाहिलं, तर अगदी आमचं गोदाम!

दुसऱ्या दिवशी गाईनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेळीचा ओरडून ओरडून घसा बसला. गाढव भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. एडका फळीवर डोकं आपटत होता आणि बदक खोकं सोडून माझ्या चपलेत बसलं होतं.

घाबरून मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गाईची जीभ पाहिली, पोटाला कान लावला.

“आजार काही नाही. घरात काही घडलंय का?”

“दादा गेला हो.”

डॉक्टरांनी टोपी काढली. “मग झालं तर. मुकी जनावरं. मालकाचा ध्यास घेतलाय त्यांनी.”

दादासाठी माझ्या डोळ्यांतून अजून टिपूससुद्धा आलं नव्हतं. जे मला जमलं नव्हतं, ते गाईनं करून दाखवलं होतं! मी शेजारच्या मास्तरांना सांगितलं. मास्तरांना सांगणं म्हणजे भोंगा लावणं! तासाभरात डॉक्टरांसकट सगळी गल्ली गोठ्यापुढे डोळे पुसत उभी. मागोमाग वर्तमानपत्राचा बातमीदार कॅमेरा घेऊन आला. त्यानं मोठी जनावरं अंगणात ओळीनं उभी करायला लावली.

“तुम्हीही उभे राहा. जरा दुःखी दिसा.”

“अहो, मी दुःखीच आहे!”

“दिसत नाही तसं.”

फोटो निघाला, आणि गलबला ऐकून वहिनी बाहेर आल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. केस विस्कटलेले, चेहरा कागदासारखा.

“भावजी, काय चाललंय?”

“वहिनी, गाईनं दादासाठी अन्न सोडलंय!”

वहिनींनी गाईकडे पाहिलं. “हिनं? ह्यांना तर ही आयुष्यभर लाथा मारत आली.”

मग त्या गोठ्यात गेल्या. आतून आवाज आला, “ह्या फळ्या कुणी ठोकल्या?”

मास्तर माझ्यापासून एक पाऊल लांब सरकले.

“गाईला दिसत नाही, भावजी. दोन वर्षं झाली. शेळी शेजारी खायला लागली, की त्या आवाजावर ती गव्हाणीत तोंड घालते. शेळीलाच कोंडलंत तुम्ही!”

वहिनींनी पहार उचलली. पहिली फळी पडली आणि शेळी बाणासारखी गव्हाणीकडे सुटली! तिच्यामागे एडका आणि गाढव अंगणातून उलटे गोठ्यात घुसले, ते थेट शोक करणाऱ्या मंडळींमधून! मास्तर गव्हाणीत बसले. बदक डॉक्टरांच्या टोपीवर उतरलं. या धुमाळीत गाय मात्र कान टवकारून, भिंत चाचपडत आत आली. शेळीनं गवत ओढलं. गाईनं त्या आवाजाकडे तोंड नेलं आणि खायला लागली.

नुसता कचकच आवाज.

“या मुक्या जिवांना तर कळलेलंसुद्धा नाही,” वहिनी म्हणाल्या, “हे गेले ते.”

त्या तिथंच गवतावर बसल्या.

“सगळ्यांना घरी पाठवा, भावजी. आणि मला इथंच काहीतरी खायला आणा. आत एकटीला घास उतरत नाही.”

मी ताट आणलं. त्यांनी अर्धं खाल्लं. मी शेजारी बसलो आणि मला तेव्हा कुठं रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. शेळीनं तेवढ्यात माझी बाही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. ‘मालकाच्या विरहानं जनावरांचा अन्नत्याग!’ भला मोठा फोटो. खाली बारीक अक्षरांत, ‘डावीकडून दुसरे, दिवंगतांचे धाकटे बंधू’.

वहिनींनी फोटोवर बोट ठेवलं आणि मोजलं. पहिला एडका. दुसरं गाढव. मी तिसरा!

त्यांनी पुन्हा मोजलं. मग पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“मी आत्ता फोन करून त्यांना दुरुस्ती छापायला लावतो!” मी उसळून म्हणालो.

वहिनींनी डोळे पुसले. फोटो पुन्हा एकदा नीट न्याहाळला.

“राहू द्या, भावजी,” त्या म्हणाल्या. “दुःखी तेच जास्त दिसतंय.”