वीस खड्डे

"पुढचं वाच."

पन्नास वर्षं झाली, तरी गुरुजींचा तो आवाज शिपाईमामांच्या कानातून काही गेला नव्हता. दुसरीचा वर्ग, हातात पुस्तक. मामांनी अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला होता. गुरुजी जवळ आले, उलटं धरलेलं पुस्तक त्यांनी हलकेच सुलटं केलं आणि म्हणाले, "पुढचं वाच." पुढचं मामांनी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत आले नाहीत. आले ते एकदम एकोणीस वर्षांनी, शिपाई म्हणून.

त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. आकडे मामांना येत. घड्याळ, घंटा आणि कॅलेंडर यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अक्षरं मात्र मुंग्यांसारखी दिसत, घाईघाईने कुठेतरी निघालेली. "चष्मा घरी राहिला," हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं वापरलं, की शेवटी मोठ्या बाईंनी त्यांना चष्म्याची दोरी भेट दिली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एकुलत्या एक शिक्षिका. उंचीने मामांच्या खांद्याला लागत. तेव्हापासून चष्मा मामांच्या गळ्यात होता आणि पळवाट बंद झाली होती.

बारा तारखेला बाई मुलांना पाढे नेमून बैठकीला गेल्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"मामा, कार्यालयातून पत्र आलंय का?"

"आलंय."

"वाचा बरं."

मामांनी पत्र उघडलं. वर शिक्का, खाली सही आणि मधल्या गर्दीत तीन ओळखीचे चेहरे: १४, ११, २०.

"चौदा तारखेला," मामा म्हणाले. "अकरा वाजता."

"काय अकरा वाजता?"

"वीस."

"वीस काय?"

खिडकीबाहेर पटांगण उघडंबोडकं पडलं होतं.

"झाडं," मामा म्हणाले. "लावायचीत."

"परत? गेल्या वर्षीची तरी कुठे जगलीत? बरं, लावू. पत्र फाइलला लावून ठेवा."

पत्र फाइलला लागलं. मामांनी वाचलेलं पत्र पुन्हा वाचायचं कशाला, म्हणून बाईंनी ते उघडून पाहिलं नाही. माळ्याकडून रोपं आली. खणायला मुलं हौसेने पुढे सरसावली. चौथीतली एक मुलगी, जिला सगळे प्रश्नचिन्ह म्हणत, तेवढी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मामा, खड्डा किती खोल लिहिलाय पत्रात?"

कमी सांगितलं तर संशय यायचा, असं मामांना वाटलं. "कमरेएवढा."

"कुणाच्या कमरेएवढा?"

"ज्याच्या त्याच्या."

शाळेत मुलं एकोणीस. प्रत्येकाने आपापल्या मापाचा खड्डा खणला. विसावा मामांनी खणला, स्वतःच्या मापाचा. खोटं बोलले होते, निदान खड्डा तरी खरा असावा.

चौदा तारखेला अकराच्या ठोक्याला बगलेत वही मारून कार्यालयातले साहेब फाटकातून आत आले. प्रत्येक मूल हातात रोप धरून आपापल्या खड्ड्याशी उभं होतं.

"या साहेब," बाई म्हणाल्या. "पहिलं रोप तुमच्या हातून."

"कसलं रोप? मी पट मोजायला आलोय. पत्र पाठवलं होतं ना? आज वीस मुलं भरली नाहीत तर शाळा बंद. सगळी पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत."

बाईंच्या हातातली झारी तिथेच वाहत राहिली. साहेबांनी वहीत डोकं घातलं आणि रांगेने चालत मोजायला सुरुवात केली. सोय उत्तम होती, खड्ड्यामागे एक मूल.

"सतरा. अठरा. एकोणीस. वी..."

आणि साहेब कमरेपर्यंत दिसेनासे झाले.

"या खड्ड्याला मूल नाही," ते आतून म्हणाले. वही त्यांनी सोडली नव्हती.

"तुम्ही आहात ना," प्रश्नचिन्ह म्हणाली.

"मला पटात धरता येत नाही."

बाई फाइल घेऊन आल्या. पत्र त्यांनी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मामा, यात झाड हा शब्दच नाही हो. दोन दिवस मिळाले असते तर दारोदार फिरून एक तरी मूल आणलं असतं मी. तुम्ही वाचलंत तरी काय?"

मामांचा हात चष्म्याच्या दोरीकडे गेला. नंबर वाढलाय, असं सांगता आलं असतं. समोर एकोणीस रोपं एकोणीस मुठींत थरथरत होती. त्यांनी चष्मा काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"मला वाचता येत नाही, बाई. दुसरीतून पळालो मी. इथूनच."

पटांगणात कुणी हललं नाही. साहेबांना तर हलताच येत नव्हतं.

"शाळा सोडल्याचा दाखला नेला होता?" खड्ड्यातून आवाज आला.

"नाही. पळून जाताना कुठला दाखला?"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

"म्हणजे पटावरून नाव अजून कमी झालेलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

मामा त्यांना हात द्यायला वाकले. बाईंनी त्यांची बाही धरली.

"थांबा. आधी त्यांना लिहू द्या."

"नंबर वीस," साहेबांनी हाक दिली.

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी घसा खाकरला, हाताची घडी घातली.

"हजर," ते म्हणाले.