अंकुशचे रजेचे अर्ज

अंकुशने शाळेच्या सगळ्या वर्षांत एकही माणूस मारला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वर्गातल्या बाकी पोरांनी आपापल्या आज्या तीन-तीनदा मारल्या होत्या. शेवगावकडच्या आमच्या हायस्कुलात शाळा बुडवली की दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज द्यावा लागे, आणि पाचवीपासून वर्गातल्या बऱ्याच जणांचे अर्ज अंकुश लिहायचा. अक्षर बरं होतं आणि तत्त्व पक्कं. "मानूस आजारी पाडायचा, मारायचा न्हाई. मेलेलं मंग बरं करता येत न्हाई."

पाचवीत मी एक दिवस बोरं वेचत हिंडलो. अंकुशने अर्जात माझ्या मिरजगावच्या आत्याला ताप आणला. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तो शेजारी येऊन बसला.

"आत्या कशी हाय?"

"मला आत्याच न्हाई."

"व्हय, पन ताप उतरला का?"

उतरला म्हणालो. तेव्हा कुठे त्याने भाकरीचं फडकं सोडलं. आमची मैत्री ही अशी सुरू झाली.

सहावीत आम्ही एका बाकावर आलो आणि आत्याला मलेरिया झाला. सातवीत तिचा मोतीबिंदू निघाला. आठवीत मी म्हणालो, आता तिला राहू दे, तिच्या पोराला आजारी पाड. अंकुश म्हणाला, "त्याचं बारावीचं वर्ष हाय. नको."

स्वतःसाठी मात्र त्याने कधी अर्ज लिहिला नाही. त्याची आई दिवाळी झाली की ऊसतोडीला कोपरगावकडे जायची, ती उन्हाळ्यातच परतायची. तोवर घरी हा एकटा. अंगात ताप असला तरी शाळेत हजर. "घरी बसून बोलू कुनासंगं?" म्हणायचा.

नववीत असताना पोळ्याच्या सुमारास माझे वडील टेम्पोतून पडले, पाय मोडला. मामा मला वापीला घेऊन गेले आणि कापडाच्या कारखान्यात चिकटवलं. मामांचे उपकार मी विसरणार नाही. निघताना अंकुशला म्हणालो, महिन्याभरात येतो. मला खरंच तसं वाटत होतं.

सहा महिन्यांनी कारखान्यात नाव चढवायची वेळ आली. मला शाळेत उशिरा घातलेलं, त्यामुळे वय बसत होतं, पण पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. नाही आणला तर जागा दुसऱ्याला जाणार. चार दिवसांची सुट्टी काढून आलो. वाटभर एकच विचार. न सांगता गेलेल्याला सर दाखला देतील का?

वर्गशिक्षकांनी हजेरी उघडली. माझं नाव होतं. मग त्यांनी कपाटातून अर्जांचा गठ्ठा काढला. सगळे माझ्या नावाचे, अक्षर अंकुशचं.

"सुदाम, तुला कावीळ झाली, कांजिण्या आल्या, हात मोडला," सर म्हणाले. "गोवर दोनदा आला. मी त्याला म्हणालो, अरे, दोनदा येत नाही. तर म्हणतो, सर, ह्यो पहिलाच हाय, बरा व्हायला येळ लागतोय."

"तुम्हाला कळलं होतं, सर?"

"पहिल्याच आठवड्यात. पण दर सोमवारी टेबलासमोर उभा राहायचा. नाव काढलं का म्हणून हजेरीत डोकावायचा. मला काट मारवली नाही."

अंकुश बाहेर व्हरांड्यात थांबला होता.

"लई वाळलास, लेका," म्हणाला. "वार्षिकला बसू देनार हायत सर. मी इचारलंय. गनिताचं समदं उतरून ठिवलंय तुझ्यासाठी."

"दाखला न्यायला आलोय, अंकुश. तिकडं नाव चढवत्यात."

तो माझ्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अर्ज लागंल त्याला. कागद हाय का?"

भिंतीला टेकून त्याने मांडीवर दप्तर घेतलं आणि लिहायला लागला. समास आखला. माननीय मुख्याध्यापक यांस. माझं नाव, वडलांचं नाव, इयत्ता, तुकडी, एकही खाडाखोड नाही. कारणापाशी येऊन थांबला. पेन टेकलेलं तसंच. आत दुसरा तास सुटून तिसरा सुरू झाला, तरी तो उठला नाही.

शेवटी त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

"एवढं तू लिही," म्हणाला. "मला न्हाई सुचत."