सनरूफमधून सासुरवाडी

रितेशने बोटीवरून फोन करून विचारलं, "भावजी, एक गाडी बघून ठेवाल का?" आणि मी हो म्हटलं. त्या वेळी मी भेंडी चिरत होतो. भेंडी चिरणाऱ्या माणसाला कुणी मोठं काम सांगितलं की तो आधी हो म्हणतो, काम काय ते नंतर विचारतो.

रितेश म्हणजे माझ्या बायकोचा, दीपालीचा, धाकटा भाऊ. मोठ्या जहाजावर इंजिनिअर आहे आणि वर्षातला निम्मा काळ समुद्रावर असतो. मला गाड्यांमधलं कळतं, अशी त्याची समजूत आहे. तिला आधार एवढाच, की रोज रात्री जेवण झालं की मी मोबाईलवर लोक गाड्यांचं कौतुक करतात ते बघत बसतो. मी स्वतः पंचायत समितीत क्लार्क आहे आणि माझ्याकडे स्कूटर आहे. पण लग्नाकार्यात आइस्क्रीमच्या टेबलाजवळ उभं राहून मी टॉर्कवर असा काही बोलतो, की समोरच्याचं आइस्क्रीम वितळतं. (टॉर्क म्हणजे नेमकं काय ते मला माहीत नाही. सुदैवाने अजून कुणी विचारलेलं नाही.)

गाडीही साधीसुधी नव्हती. चांगली लांबलचक लक्झरी सेडान आणि त्यात पुन्हा स्पोर्टी. रितेशला ती हवी होती ती आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की धक्के बसता कामा नयेत. रिक्षात बसलं की आप्पा कळवळायचे. तेव्हा गाडी अशी हवी, की आप्पांना घराच्या दारात उचलावं आणि दवाखान्याच्या दारात ठेवावं, आणि मधल्या खड्ड्यांची त्यांना खबरही लागू नये. गाडीची तीन मॉडेलं होती. कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचं होतं.

दीपालीने विचारलं, तिघांत फरक काय? मी घसा साफ करून सांगितलं, की 'लक्झरी'मध्ये लेदरच्या सीट आहेत, 'स्पोर्ट'मध्ये त्याच सीटना लाल दोऱ्याची शिलाई आहे, आणि 'स्पोर्ट सिग्नेचर'मध्ये लाल दोरा आहे, शिवाय सीट पाठ चेपून देते आणि छताला काच आहे.

"म्हणजे साडी तीच, काठ वेगळे," ती म्हणाली.

मी दुखावलो. गाड्यांविषयी इतक्या खालच्या पातळीवर बोललेलं मला आवडत नाही. माझं मत मधल्या 'स्पोर्ट'च्या बाजूने पक्कं झालं होतं. कोकणात नारळाची झाडं डोक्यावर असताना गाडीच्या छताला काच लावायची म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं मी ऑफिसातही दोघातिघांना पटवून दिलं होतं.

ही गाडी रत्नागिरीत मिळत नाही, म्हणून कोल्हापूरच्या शोरूमने ती दाखवायला ओमकार नावाच्या माणसाबरोबर पाठवली. नेमकं सगळ्यात वरचं, काचेच्या छताचं मॉडेल आलं. मी नाक मुरडलं. ओमकारने मला विचारलं, "सर, सध्या कोणती गाडी चालवता?" मी स्कूटरचं नाव सांगितल्यावर तो जाऊन स्वतः स्टीअरिंगवर बसला.

ऑपरेशननंतर आप्पा आमच्याकडेच होते आणि त्या दिवशी त्यांना घरी सोडायचं होतं. मी म्हटलं, गाडीची परीक्षाही होईल आणि आप्पाही घरी पोचतील. मी पुढे, आप्पा आणि दीपाली मागे. भाट्याचा पूल ओलांडला आणि ओमकारने मागच्या सीटचा मसाज सुरू केला. आप्पा आधी ओरडले, की पाठीमागून कुणीतरी ढोसतोय. मग त्यांनी डोळे मिटले. दीपालीने घाबरून विचारलं, "आप्पा, बरं वाटतंय ना?"

"बोलू नको गो," आप्पा म्हणाले.

पावसच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यांवरून अशी चालली होती, की खड्डेच शरमून बाजूला झाले असावेत. मी ओमकारला स्पोर्ट मोड लावायला सांगितला. गाडी गुरगुरली, एका वळणावर म्हैस दचकली, आणि मी मनातल्या मनात एक्झॉस्टच्या आवाजाला चांगले गुण दिले. इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच मी गाडी परत वळवायला सांगायला हवं होतं.

आप्पांचं घर वाडीत आत आहे. रस्त्यापासून घरापर्यंत एक पाणंद जाते. तिच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आहेत, चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले. डावा गडगा आप्पांचा, उजवा त्यांच्या चुलतभावाचा, सखारामकाकांचा. गाडी आत जाईल का, असं ओमकारने विचारलं. मी आदल्या रविवारीच जाऊन पाणंदीचं तोंड मोजून आलो होतो. गाडीची रुंदी तर मला तोंडपाठ होती. "आरामात," मी म्हटलं.

आता मला सासुरवाडी लाभल्याला कितीतरी वर्षं झाली, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आप्पा आणि सखारामकाका यांच्यात या पाणंदीवरून कोर्टात केस चालू आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दर पावसाळ्यात गडगे थोडे ढासळतात आणि दर दिवाळीनंतर ते पुन्हा रचतात. रचताना दोघंही आपापला गडगा, सहज हात लागल्यासारखा, थोडा पुढे रचतात. तोंडाशी रस्त्यावरच्या लोकांचा डोळा असतो म्हणून तिथे कुणी काही करत नाही. जी काही प्रगती व्हायची ती आत होते. मी मोजलं होतं ते तोंड.

गाडी मध्यावर गेली आणि थांबली. सगळे सेन्सर एकदम किंचाळायला लागले. समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र होतं आणि तिच्या दोन्ही बाजू लालभडक झाल्या होत्या. ओमकारने रिव्हर्स टाकला. गाडी तसूभर मागे गेली आणि तिने आपला आपणच ब्रेक मारला. पुन्हा टाकला, पुन्हा मारला. ही सुरक्षेची सोय फक्त वरच्या मॉडेलमध्ये आहे, असं ओमकारने रडवेल्या आवाजात सांगितलं. खालचं मॉडेल मुकाट मागे आलं असतं.

"मग बंद करा ती सोय," मी म्हटलं.

"करतो की सर, पण दोन्हीकडं दोन बोटं जागा हाय. डेमोची गाडी ही. वरखडा उठला तर माझी नोकरी गेलीच समजा."

मी दार उघडून बघतो म्हटलं, तर दार उघडेना. दोन बोटांच्या फटीत ते उघडणार तरी कसं? चारही दारांची तीच गत. आम्ही चार माणसं लेदरमध्ये, लाल दोऱ्यात, थंडगार हवेत पूर्ण अडकलो होतो. आणि त्याच वेळी आप्पांनी डोळे उघडले.

"जावयबापू," ते म्हणाले, "माका मागल्या दारी जायचाय." मग शांतपणे पुढे म्हणाले, "म्हणजे लवकर जायचाय."

मागल्या दारी म्हणजे संडासला हे कळायला मला वेळ लागला नाही. गाडी अडकली ते निस्तरता आलं असतं, पण त्या वयाच्या माणसाची माझ्यामुळे अशी अवस्था व्हावी, तीही मुलीसमोर, याची मला मनापासून लाज वाटली. आता मार्ग एकच होता आणि तो डोक्यावर होता. ओमकारने बटण दाबलं, छताची काच सरकली. तसल्या गुडघ्याने आप्पा तिथून निघणं शक्य नव्हतं. निघायचं तर मीच.

मी सीटवर उभा राहिलो आणि छातीपर्यंत झकास वर आलो. मग पोट आडवं आलं. तिथून मी वरही जाईना आणि खालीही येईना. निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखा मी गाडीच्या छतातून अर्धा बाहेर उभा होतो. वाडीतली माणसं जमली. एका बाईने तर मला बघून हात जोडले.

उजव्या गडग्यावर सखारामकाका येऊन उभे राहिले. आम्ही अगदी समोरासमोर होतो.

मी त्यांना हात जोडून सांगितलं, काका, जरा चार चिरे काढा, आप्पा आत आहेत. काका म्हणाले, केस चालू आहे, माझा एक चिरा हलणार नाही, तुमच्या सासऱ्याला सांगा त्यांचे काढायला. खालून आप्पांचा आवाज आला, की त्याला सांगा, आमचाही हलणार नाही. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं. तरी काका माझ्याकडे बघून बोलत होते आणि आप्पा माझ्या पायांकडे बघून. मी मध्ये अडकलेला दुभाष्या. वरचं खाली सांगतोय आणि खालचं वर, आणि दोन्ही बाजूंनी मलाच ओरडा बसतोय.

शेवटी खालून दीपाली बोलली. माझ्या आणि काचेच्या मधल्या फटीतून तिचा आवाज आला. "काका, आप्पांचं ऑपरेशन झालं ते तरी बघून जा."

काकांनी वाकून आत बघितलं. मग त्यांनी गडग्यावरून छतावर पाय ठेवला, मला खांद्याला धरून खाली दाबलं (मी बाटलीत बूच जावं तसा आत गेलो) आणि माडावरून उतरावं तसे सरसर आत उतरले. दीपाली सरकली. काका आप्पांच्या शेजारी बसले. ओमकारला काय वाटलं कोण जाणे, त्याने काकांच्याही सीटचा मसाज सुरू केला.

काका दचकले. मग हळूहळू मागे टेकले.

"ह्या काय पाठीत?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"मसाज," आप्पा समोर बघत म्हणाले.

"बरा हाय."

"हां. खाली कमरेपाशी ईल आता."

दोघंही कमरेपाशी येण्याची वाट बघत राहिले. मी आरशातून बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पोट खरचटल्यामुळेही असेल. मग काका म्हणाले, "तुज्या गुडघ्याचं कळलं व्हतं. यायचं व्हतं. आलो नाय."

"सख्या," आप्पा म्हणाले, "माका जायचाय रे."

"मगाधरनं बोलत का नाय मग?"

काका सीटवर उभे राहिले आणि आले तसे सरसर वर गेले. मग त्यांनी आधी आपल्या गडग्याचे चिरे काढले आणि कुणालाही न विचारता आप्पांच्याही गडग्याचे काढायला लागले. आतून आप्पा बघत होते. चिऱ्यांच्या फटीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असेल, अशी सूचना मी आतून केली, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळात माझं दार उघडलं. मीही उतरून एक चिरा उचलला. तो माझ्याच पायावर पडला, तेव्हा मला सगळ्यांनी बाजूला बसवलं.

गाडी पुढे सरकली आणि थेट आप्पांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन थांबली. एका बाजूने काका आणि एका बाजूने दीपाली, असे धरून आप्पांना आत नेलं. ते वेळेत पोचले. इतकं सुटल्यासारखं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. ओमकार गाडीभोवती फिरून तिच्यावर बोटं फिरवत होता. ओरखडा नव्हता. तो बॉनेटला नमस्कार करून तिथेच मटकन बसला आणि दीपालीने दिलेलं कोकम सरबत दोन ग्लास प्यायला.

रात्री मी रितेशला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. 'लक्झरी' का नको, 'स्पोर्ट' मधल्यामध्ये कसं लटकतं, आणि कोकणात छताला काच असणं किती अत्यावश्यक आहे, हे सगळं मुद्देसूद सांगितलं. चार दिवस उत्तर नाही. मग फोन आला.

"भावजी, गाडी कॅन्सल," रितेश म्हणाला. "आप्पा म्हणतात, पाणंद आता मोकळी झाली, अँब्युलन्ससुद्धा दारात येईल. गाडी नको, ती सीट तेवढी पाठव. म्हणून मी मसाजची खुर्चीच घेतोय."

मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मी लगेच विचारलं, की खुर्चीची मॉडेलं किती आहेत, मी तुलना करून पाठवतो.

"नको, ते झालं. सखाकाकांनी बघून ठरवलं."

खुर्ची आली. गेल्या रविवारी सासुरवाडीला गेलो तेव्हा पडवीत ती ऐटीत मांडलेली होती. गडगे अजून रचलेले नव्हते आणि त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. मी चहा घेऊन खुर्चीत बसलो, बटण दाबलं, ती मानेपासून चेपत निघाली. पाय अजून दुखत होता, तेव्हा फारच बरं वाटत होतं. ती कमरेपाशी पोचणार, एवढ्यात आप्पा काठी टेकत बाहेर आले.

"जावयबापू, तुमी जरा त्या बाकावर बसा," ते म्हणाले. "सखारामाची येळ झाली."