मागून वर, पुढून खाली

नर्सरीवाल्याचा पिकअप गतिरोधकावर पोट टेकून अडकला, तेव्हा मागे गुलाबाच्या कुंड्या होत्या, शेजारी बायको होती आणि समोरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन साडू उभा होता. कुंड्यांचं आणि बायकोचं त्याला काही वाटलं नाही. साडू तेवढा तिथे नको होता.

साडू टाइल्सचा व्यापारी. टेकडीवरच्या नव्या वसाहतीत त्याचा बंगला आणि बंगल्यासमोर त्याचा स्वतःचा पिकअप, इतका उंच, की मांजर खालून शेपूट ताठ करून जाई. वसाहतीतल्या लोकांनी वर्गणी काढून हा गतिरोधक बांधला होता. तो गतिरोधक कमी आणि उंटाची पाठ जास्त होता. साडूने दोर बांधून गाडी ओढून काढली आणि दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “तुझी गाडी फार नम्र आहे रे. जाईल तिथे लोटांगण घालते.”

यावर बायको खळखळून हसली. नर्सरीवाल्याला साडूचं बोलणं लागलं नाही इतकं ते हसणं लागलं.

परतताना त्याने विषय काढला. “गाडी जरा उंच करून घ्यावी म्हणतो.”

“आधी शेडनेट,” बायको म्हणाली. “जाळी फाटून लोंबतेय, रोपं करपायला लागलीत. पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेत. गाडी काय, चालतेय ना?”

“चालतेय,” तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी शेडनेटचे पैसे खिशात घालून गॅरेजमध्ये गेला.

“तीन प्रकार आहेत,” मिस्त्री म्हणाला. “एक, पूर्ण लिफ्ट किट. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, सगळंच. गाडी राजासारखी चालेल.”

किंमत ऐकून नर्सरीवाल्याने प्यायला पाणी मागितलं.

“दुसरा, पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर आणि मागे पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाटे टांगायच्या लोखंडी कड्या. दोन-अडीच इंच उठेल. चालून जातं.”

हेही खिशाच्या बाहेरच जात होतं. “आणि तिसरा?”

“तिसरा म्हणजे काहीच करू नका. गतिरोधक आला की तिरकी घाला.”

“नुसतं मागचं केलं तर?”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “साहेब, नाक जमिनीत जाईल तिचं. करायचं तर दोन्ही करा.”

“मागचं आत्ता कर,” नर्सरीवाला म्हणाला. “पुढचं पुढे बघू.”

संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा ती शिंगं रोखलेल्या बैलासारखी उभी होती. आत बसल्यावर तो सीटवरून हळूहळू घसरत स्टिअरिंगला जाऊन टेकला. ब्रेक दाबला की मागची रिकामी घमेली आणि फावडी केबिनवर येऊन आदळत. रस्त्यात एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “काय हरवलंय का खाली?”

घरी पोचला तर बायको फाटकातच पाइप धरून उभी. तिने गाडीकडे पाहिलं, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. “हिला काय झालं?”

खरं सांगायला एक क्षण पुरेसा होता. तो क्षण त्याने घालवला. “मागच्या चाकांत हवा जास्त भरली गेलीये.”

“मग काढा की,” असं म्हणून ती रोपांकडे वळली.

आता हवा काढणं भाग होतं. त्याने उकिडवं बसून थोडी काढली. मागचा भाग काही खाली येईना. आणखी काढली. सकाळी पाहतो तो मागची दोन्ही चाकं चपटी आणि ढुंगण मात्र होतं तिथेच. चाकं काढून तो पंक्चरवाल्याकडे ढकलत नेऊ लागला, तेव्हा बायकोने विचारलं, “अगदीच सगळी काढलीत?” त्यावर तो नुसताच खोकला.

तिथून परतताना खतमातीच्या ढिगाकडे त्याचं लक्ष गेलं आणि डोक्यात उजेड पडला. मागे वजन टाकलं तर गाडी आपोआप दबेल. त्याने पोत्यांत माती भरली, पोती एकावर एक रचली, आणि गाडी शहाण्या मुलासारखी सरळ झाली. लांबून कुणालाही काही कळलं नसतं.

“पोती कुणाची?” बायकोने विचारलं.

“ऑर्डर आहे.”

“गेली का ऑर्डर?” तिने संध्याकाळी विचारलं.

“उद्या.”

हा ‘उद्या’ रोज होऊ लागला. तो माती घेऊन बँकेत जाई, माती घेऊन दूध आणायला जाई. डिझेल पाण्यासारखं उडत होतं. रात्री जेवताना बायको पानात वाढे, त्याच्या तोंडाकडे बघे आणि भाजीचं भांडं उचलून आत जाई. तिने काही विचारलं नाही की त्याला हायसं वाटे, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटे.

मग त्याच वसाहतीतून एका निवृत्त मुख्याध्यापिकेची पामच्या कुंड्यांची मागणी आली. बायको सोबत निघाली. पोती उतरवावीत तर गाडीचं बिंग फुटणार, म्हणून कुंड्या पोत्यांवर चढल्या. उंटाची पाठ समोर आली. तिरकी घालायचं त्याला आठवलंही, पण तोवर गाडी बरोबर मधोमध बसली होती, आणि पहिल्यापेक्षा घट्ट.

साडू गॅलरीत होताच. तो खाली आला, दोर बांधला, हिसका दिला. दोर तुटला.

“अरे, दगड भरलेत का मागे?”

“माती आहे.”

“मग उतरव ती.”

“नको.”

“का?”

साडूने उत्तराची वाट न बघता फाळका पाडला आणि पहिली कुंडी उचलली. चार लोक मदतीला आले. कुंड्या उतरल्या, एक पोतं उतरलं, दुसरं उतरलं, आणि प्रत्येक पोत्यासरशी गाडीचा मागचा भाग सावकाश वर येऊ लागला. नर्सरीवाला त्याकडे पाहत नव्हता. लोकांच्या माना किंचित किंचित वर होताना मात्र त्याला दिसत होत्या.

मुख्याध्यापिका बाहेर आल्या. “माती विकायची आहे का हो?”

“हो तर,” बायको ताबडतोब म्हणाली. “शेणखत घातलेली आहे. किती पोती देऊ?”

बघता बघता सगळी पोती लोकांच्या फाटकांतून आत गेली. रिकामी झालेली गाडी स्वतःच गतिरोधकावरून सुटली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली, नाक जमिनीकडे आणि बूड आभाळाकडे.

“अरे,” साडू म्हणाला, “ही मागून अशी फुगली कशी?”

नर्सरीवाल्याचे कान लालबुंद झाले.

“हवा जास्त होते मागे,” बायको शांतपणे म्हणाली. “होतं तसं आमच्याकडे कधीकधी.”

तिने चारचौघांत पाणउतारा केला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

परतीच्या वाटेवर ती दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवून, स्वतःला घसरू न देता बसली होती. त्याने घसा खाकरला. “तुला कळलं असेल.”

“त्याच दिवशी. मिस्त्रीचा नर्सरीत फोन आला होता. जुन्या शॅकल ठेवू की भंगारात देऊ, विचारत होता. मी म्हटलं, ठेवा.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते. आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही आपली माती हिंडवून आणताय.”

“रागाव तरी.”

“रागवायचं होतं पहिल्याच दिवशी. आता तो राग शिळा झाला.” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “मी त्या दिवशी हसले ते लागलं ना तुम्हाला? तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

त्याने मान हलवली.

मातीच्या आणि पामच्या पैशांतून शेडनेट आलं. जाळी ताणून झाल्यावर दोघं मिळून गॅरेजमध्ये गेले, जुन्या शॅकल परत बसवायला. तिथे साडूचा उंच पिकअप चाकं काढून ठोकळ्यांवर उभा होता, आणि साडू बाकावर पाठमोरा बसला होता.

नर्सरीवाल्याला पाहून तो दचकला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “खाली करून घेतोय. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. वर चढता येईना, मी मागून रेटायला गेलो, तर सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या, ‘जावईबापू, आधी माझे गुडघे बदला, मग गाडीत बसवा.’ कुणाला सांगू नकोस हं.”

साडूला सुनवायची अशी संधी जन्मात पुन्हा आली नसती. नर्सरीवाल्याच्या ओठांवर चांगली दोन-तीन वाक्यं येऊन उभी राहिली. मग त्याला साडूचे लाल झालेले कान दिसले. “नाही सांगत,” तो म्हणाला आणि बाकावर त्याच्या शेजारी बसला. दोघेही आपापल्या चपलांकडे पाहत राहिले.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. ती फोनवर होती.

“आई, डॉक्टरांची वेळ घेऊन टाक. दोन्ही जावई खाली आलेत.”