काशीच्या तिकिटाची खाच

पुण्यातलं काम म्हटलं की आमच्या भरे गावात एकच नाव निघायचं, भैरूचं. म्हणजे माझं! मी पाच वेळा पुण्याला जाऊन आलेला माणूस, आणि त्यातल्या दोन वेळा तर रस्ता न चुकता परत आलेला.

छप्पन सालची गोष्ट. माझे चुलते हैबतराव, म्हणजे आमचे तात्या, आणि तुळजाकाकी काशीला निघाले होते. बारा वर्षांपूर्वी काकी मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हाच ती गंगेला शब्द देऊन बसली होती. पण दर साली काहीतरी आडवं यायचं. कधी बैल दगावला, कधी लेकीचं बाळंतपण आलं. यंदा मात्र तात्यांनी आगाऊ पैसे भरून तिकिटं सांगून ठेवली होती. पावती दाखवायची आणि तिकिटं घेऊन यायची, एवढंच काम!

"नीट आनशील ना रं?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, डोळं झाकून आनतो!"

डोळे उघडे ठेवले असते तर बरं झालं असतं.

खिडकीतल्या बाबूने पावती पाहिली, एका यंत्रात पुठ्ठा घातला, खट्ट! दुसरा घातला, खट्ट! आणि माझ्या हातात दोन तुकडे ठेवले. काडेपेटीएवढे! मी थक्क झालो. पौडच्या बाजाराला जायचं तरी आमचं भाकरीचं गाठोडं याच्या वीसपट असतं, आणि एवढ्याशा पुठ्ठ्यावर माणूस थेट काशीला?

"सायब, ह्याच्यावर गंगेपातूर सोडत्यात?"

"सोडतात. बुडी तुमची तुम्ही मारायची," बाबू म्हणाला.

तिकिटं मुठीत धरून निघालो, तेवढ्यात आतून शिट्टी झाली. काय ती शिट्टी! पोटातली भाकर हलली! मला इंजिन बघायचंच होतं. दारात काळ्या कोटाचा साहेब चिमटा घेऊन उभा होता आणि लोक हात पुढे करून आत जात होते. मीही गर्दीत हात पुढे केला. कट्! कट्! मी आत!

आणि समोर ते धूड. काळंभोर, तापलेलं, जिवंत जनावरासारखं धापा टाकणारं! कोळसा घालणारा माणूस त्याच्या पोटाशी मुंगीएवढा दिसत होता. मी वहाणा काढल्या आणि हात जोडले. किती वेळ उभा होतो, देव जाणे.

संध्याकाळी काकी हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी. तिकिटावर कुंकू लावायला गेली आणि थबकली.

"आगं बया! ह्याला काय चावलं?"

"सरकारी चिमटा, काकी."

काकीचा चेहराच उतरला. "खंडित हाय. खंडित देव देव्हाऱ्यात ठिवत न्हाईत, अन् खंडित तिकिटानं मी गंगला जाऊ? तिलाच मी नकोय. म्हून तर दर साली आडवं येतंय." डोळ्याला पदर लावून ती आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्या गरजले, "कातरल्यालं तुकडं कुटं हायेत?"

"तितंच पडलं की!"

"मंग जा, अन् हुडकून आन!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीने मी पुन्हा स्टेशनच्या दारात, आणि तेही गुडघ्यांवर! बघतो तर काय, मसुराएवढे तुकडे शेकड्यांनी पडलेले. पिवळे, हिरवे, तांबडे! एकेका तुकड्याचा मालक आत्ता कुठल्या मुलखात असेल, या विचाराने माझं तोंड उघडंच राहिलं. झाडणारी बाई येऊन उभी राहिली.

"काय हरवलं, भाऊ?"

"काशी!" मी म्हणालो.

तिने दया येऊन सगळा केर माझ्या उपरण्यात भरून दिला.

घरी घोंगडीवर ढीग ओतला. तात्या कणकेची खळ घेऊन बसले.

"ह्यो बसतोय बग!"

"तात्या, तो हिरवा हाय. आपलं पिवळं!"

काकी भिंतीला टेकून नुसती बघत होती. एवढ्यात धनगरवाड्यावरची बायजा तूप घेऊन आली. "काय निवडताय, बियानं व्हय?" म्हणत तिने तिकीट उचललं, उलटंपालटं केलं.

"तुळजाबाय, खंडित कुटं? कान कातरलाय ह्याचा! आमी न्हाई का मेंढराच्या कानाला खाच पाडत? धा कळप मिसळू द्यात, खाच बगितली की आपलं मेंढरू आपल्याकडं. सरकारनं तुला आपल्या कळपात घातलंया!"

"म्हंजी मी... एवढ्या मुलखात हरवनार न्हाई?" काकीने हळूच विचारलं. बारा वर्षांत ही धास्ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

"हरवतीस कशी? धुंडत येत्याल!"

काकीने तिकीट कपाळाला लावलं.

जायच्या दिवशी स्टेशनच्या दारात तोच काळा कोट. "ही तर आधीच कातरलीत," तो म्हणाला. त्याने तारीख पाहिली, खाचेवरून अंगठा फिरवला. "खाच आमचीच आहे. जा आत."

"आवं, वळखली की त्यानं!" काकी तात्यांना म्हणाली, आणि भर दारात साहेबाच्या पाया पडली. साहेबाने गडबडून टोपी काढली. मलाही भरून आलं. गाठोडं डोक्यावर घेऊन मी मागोमाग निघालो, तर चिमटा आडवा!

"तुमचं तिकीट?"

"सायब, मी त्यांचाच! पुतन्या!"

साहेबाने काकीकडे पाहिलं. काकीनेही मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"हाय आमचाच. पर खाच न्हाई त्याला," ती म्हणाली. "भाईरच ऱ्हाऊ द्या!"

गाठोडं माझ्या डोक्यावरून उतरवून घेऊन ती निघूनही गेली. मी जाळीबाहेरून बराच वेळ हात हलवला. कुणाला दिसला असेल, असं काही वाटत नाही.