झोपाळ्यावरचा घरमालक

समुद्राकाठी घर घ्यावं हा विचार माझ्या डोक्यात शिरला तेव्हा मी मेढ्याच्या ऑफिसात बसून छत्री वाळवत होतो. छत्री वाळत नव्हती, कारण आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत काहीच वाळत नाही. तेवढ्यात मोबाईलवर एक फोटो आला. कौलारू घर, ओसरीत झोपाळा, दोन माड आणि समोर निळाशार समुद्र. खाली लिहिलेलं, 'विकणे आहे.' मी फोटो मोठा केला. मनातल्या मनात झोपाळ्यावर जाऊन बसलो, हातात चहाचा कप घेतला, पोटही जरा आत घेतलं. (कल्पनेत ते जातं.)

संध्याकाळी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्रांती, समुद्राकाठी आपलं एखादं घर असावं, नाही?"

"कशाला?" भाकरी थापता थापता ती म्हणाली.

"निवांत पाणी बघत बसायला."

"आवं, चार म्हैनं पाणीच बघतोय की. भिंतीतनं येतंय, छतातनं येतंय. आनि किती बघायचं हाय?"

हा मी होकार समजलो. (सरकारी नोकरीत लेखी नकार आला नाही की काम मंजूर धरायची सवय लागते.) शिरवळजवळचा वडिलांचा जमिनीचा तुकडा कारखानदाराला विकून आलेले पैसे बँकेत स्वस्थ झोपले होते. 'नुसतं बघून येतो' म्हणून मी कुंभार्ली घाट उतरून गुहागरकडे गेलो आणि परत आलो तो घरमालक होऊन. घर विकणारे खातूभाऊ इतके गोड बोलत होते की नाही म्हणायला मला फटच सापडली नाही. "जयराजराव, हे घर नव्हे हो, मी तुम्हाला आयुष्य देतोय!" असं कोणी म्हटल्यावर माणूस काय करणार?

घरी येऊन क्रांतीला सांगितलं. ती ओरडते तेव्हा मी भीत नाही. तिनं शांतपणे भांडी घासली, हात पुसले आणि निकाल दिला. "दिवाळीच्या सुट्टीत येकदा येऊन बघते. मला रुचलं तर ठेवायचं. न्हाई रुचलं तर त्या खातूच्या गळ्यात परत घालायचं. आनि येताना आमच्या दादांना घेनार."

दादा म्हणजे माझे सासरे, लालासाहेब, फौजेतले निवृत्त सुभेदार. गाडीत पुढच्या सीटवर बसून ते कराडपासून चिपळूणपर्यंत एवढंच बोलले. "जावईबापू, मी राजस्थानात वाळू बघितली, लडाखात बरफ बघितला. पन घर कुठंच न्हाई घेतलं."

पहिल्या दिवशी दुपारी जेवणात पापड मऊ निघाले. भाजलेला पापड क्रांतीनं दोन बोटांत धरला, तो रुमालासारखा खाली लोंबला. मग गादीत वाळू सापडली. मिठाच्या डब्यात पाणी झालं. तरी मी म्हणत होतो, "अगं, बाहेर जाऊन समुद्र तर बघ!"

बघायला सासरे गेले आणि लगेच परत आले.

"जावईबापू, समुद्र न्हाई."

"नाही म्हणजे?"

"सकाळी हितं कुंपनापशी हुता. आता लय लांब गेलाय."

मी त्यांना ओहोटी समजावून सांगितली. क्रांती दारात उभी राहून ऐकत होती. दुधात पाणी सापडावं तशा आवाजात तिनं विचारलं, "म्हंजे दिवसातनं निम्मा येळ समुद्र नसतोच व्हय? हे त्या खातूनं सांगितलंवतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरायला लागली. मी घाबरलो. आता निदान घर तरी लख्ख दिसावं म्हणून कमरेला टॉवेल गुंडाळला, डोक्याला पंचा बांधला आणि खराटा घेऊन ओसरीतली वाळू झाडायला लागलो. तेवढ्यात फाटकाशी सांगलीच्या नंबरची एक गाडी येऊन थांबली. आतून एक तरुण, त्याची बायको आणि एक वयस्कर बाई उतरल्या.

"हेच ना घर?" तरुणानं मोबाईल बघत विचारलं.

"हेच." मी अभिमानानं म्हणालो.

"झोपाळा आहे. माड आहेत. साक्षी, बरोबर आहे गं! भाऊ, बॅगा घ्या."

"कुठं घेऊ?"

"आत घ्या. खोली झाली ना साफ?"

"कोणाची खोली?"

"आमची! शिवतेज पाटील. दोन दिवसांचं बुकिंग आहे."

मी खराटा टाकला आणि माडाखाली जाऊन खातूभाऊंना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अरेच्चा! ते ॲपवरून काढायचं राहिलंच की! आधी मी पाहुण्यांना देत होतो ना घर. दोन दिवसांचाच प्रश्न आहे हो, घ्या सांभाळून!" आणि रेंज गेली. (म्हणजे त्यांनी घालवली.)

मी परत येऊन पाटलांना नम्रपणे सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात क्रांती बाहेर आली. तिला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मी त्यांना आत्ता परत पाठवतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. "सांगलीस्नं मानसं आल्यात. संगट म्हातारं मानूस हाय. दारातनं परत पाठवनार? आमच्यात न्हाई तसं." आणि पुढं होऊन तिनं त्या बाईंचा हात धरला. "या मावशी, पानी घ्या आदी."

त्या बाई, म्हणजे शिवतेजच्या आई शालूबाई, खुर्चीत टेकल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमचा गडी बरा दिसतोय. सकाळ सकाळी कामाला लागलाय."

आता क्रांती खुलासा करेल म्हणून मी छाती पुढं काढली. क्रांती म्हणाली, "कामाला बरा हाय. बोलतो लय."

स्वयंपाकघरात मी तिला जाब विचारला. "मी गडी?"

"मला न इचारता घर घेतलासा," तिनं कढईत तेल सोडलं, "आता मला इचारल्याबिगर मालक व्हायचं न्हाई. जावा, मासं आना."

मी बंदरावर गेलो. मासेवालीनं विचारलं, "कुठला पाहिजे?" मी म्हणालो, "ताजा." तिनं माझ्याकडे बघून काय ओळखायचं ते ओळखलं आणि पिशवी भरून दिली. घरी सासऱ्यांनी मासे ओळीत मांडले आणि एकेकाची तपासणी केली. "ह्याचं नाव?" मला येईना. "ह्याचं?" येईना. "म्हंजे नाव-गाव म्हाईत नसताना आत घेतलंत?"

क्रांतीनं जन्मात मासा शिजवला नव्हता. तिनं तो मटणासारखा केला. काळं तिखट, भाजलेलं खोबरं, लसणाचा ठेचा आणि जोडीला ज्वारीची भाकरी. मी वाढायला उभा होतो. शिवतेजनं पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसून त्यानं ताट पुढं केलं. "आणखी रस्सा!" शालूबाई म्हणाल्या, "गुहागरला येऊन घरच्यासारखं जेवन मिळालं गं बाई!"

त्यानंतर माझं घर माझ्या हातून गेलं. एक खोली पाहुण्यांना, दुसरी खोली क्रांतीला आणि सासऱ्यांना. मला झोपाळा. सासऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ मासेवालीकडून पाठ केली आणि पाहुण्यांना शिट्टी वाजवून समुद्रात सोडायला आणि बाहेर काढायला सुरुवात केली. साक्षीनं एकदा क्रांतीला विचारलंसुद्धा, "ताई, या गड्याला आजोबा जावईबापू का म्हणतात?"

"लाडानं," क्रांती म्हणाली.

निघताना शालूबाईंनी क्रांतीला मिठी मारली. क्रांतीनं उरलेल्या काळ्या तिखटाची पुडी त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांत तिच्या स्वयंपाकाबद्दल मी 'बरा झालाय' याच्या पुढं गेलो नव्हतो, हे तेव्हा मला एकदम जाणवलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती समुद्राकडे बघत उभी राहिली. पाणी अगदी कुंपणाशी आलं होतं.

"घर इकायचं न्हाई," ती म्हणाली.

मी आनंदानं झोपाळ्यावर बसलो. "मग आपण दोघं इथं..."

"दोघं कशाला? तुमची नोकरी हाय की मेढ्याला. मी आनि दादा ऱ्हातो. खातूभाऊंनी बुकिंगचं सगळं मला फोनवर समजावून सांगितलंय."

सुट्टी संपली, मी एकटा घाट चढून परत आलो. आता मी मेढ्यात हातानं खिचडी लावतो. परवा फोन करून म्हणालो, "शनिवारी येतोय गं."

"ह्या शनवारी न्हाई, घर भरलंय. फुडच्या आटवड्यात ओसरी मोकळी हाय का बघून सांगते."

काल ऑफिसात बसल्या बसल्या ॲपवर आमच्या घराचं पान उघडलं. खाली साक्षी पाटील यांचा अभिप्राय होता: 'जेवण अप्रतिम. ताई प्रेमळ. आजोबा शिस्तीचे, पण मनानं गोड. फक्त झोपाळ्यावरचा गडी फार घोरतो.'

त्याच्याखाली मालकिणीचं उत्तर होतं: 'अडचणीबद्दल माफी असावी. त्याला गावाकडे पाठवले आहे.'